डॉक्टरांना शंभर वाचक हवे होते

दिवसभर लोकांना "आ करा" सांगणाऱ्या माणसाला कधीतरी वाटतंच, की आता लोकांनी तोंड मिटावं आणि आपलं ऐकावं. दातांच्या डॉक्टरांनी म्हणूनच ब्लॉग काढला. दातांवर नव्हे हो. दातांचा त्यांना मनापासून वीट आला होता. ब्लॉगचं नाव 'अंतरंगाचा आरसा', आणि विषय मौन, एकांत, क्षणभंगुरता असले. एकेक निबंध एवढा लांब, की वाचणाऱ्याला एकांत आपोआप मिळावा, कारण तोवर बाकीची मंडळी उठून गेलेली असायची.

डॉक्टरांचं स्वप्न एकच होतं. संध्याकाळचा दवाखाना बंद करायचा आणि खिडकीशी बसून लिहायचं. पण दवाखान्याचा काउंटर त्यांच्या पत्नी सांभाळत. सगळे पेशंट त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत आणि डॉक्टरांपेक्षा जास्त घाबरत. त्यांनी अट घातली.

"तुमचं लिखाण ईमेलवर मागवणारी शंभर माणसं दाखवा. नात्यातली चालणार नाहीत. मग खुशाल लावा संध्याकाळी कुलूप."

"शंभरच ना? आठवड्यात आणतो!"

आठवड्याने चार झाली. एक डॉक्टर स्वतः, एक डॉक्टरीणबाई, एक बाईंचा धाकटा भाऊ, आणि चौथा त्याच भावाचा ऑफिसातला पत्ता.

हा मेहुणा लोकांना वेबसाइट कशी चालवावी ते शिकवायचा. त्याची स्वतःची चालत नसल्यामुळे त्याच्याकडे वेळ मुबलक होता. तो लॅपटॉप घेऊन आला.

"दाजी, वाचक येत नसतो, धरावा लागतो! पान उघडलं रे उघडलं की समोर चौकट पाहिजे, 'ईमेल द्या.' आणि बदल्यात काहीतरी फुकट द्या."

"माझ्याकडे फुकट द्यायला काय आहे?"

"ब्रश द्या की!"

चौकट बसली. अशी बसली, की तिच्याआड निबंध दिसेनासा झाला. एका गृहस्थाने पत्ता दिला, ब्रश घेतला आणि लगेच यादीतून नाव काढून घेतलं.

मग डॉक्टरांना आपली खुर्ची आठवली. पेशंट आडवा, तोंडात कापूस, ओठाला नळी लटकलेली. डॉक्टर हळूच वाकून विचारत, "माझे निबंध ईमेलवर पाठवत जाऊ ना? मनाला फार शांती मिळते." पेशंट म्हणे, "आं." आता तोंडात कापूस असला की माणूस हो म्हणायलाही आं म्हणतो आणि नको म्हणायलाही आं. पण डॉक्टर आशावादी! दारातूनच ओरडत, "अगं, यांचाही पत्ता घे गं यादीत!"

तरी एक अडचण होती. मेहुण्याने केलेल्या व्यवस्थेत प्रत्येकाला आधी एक ईमेल जाई, 'तुम्हाला हे खरंच हवंय का? असल्यास इथे दाबा.' एक पठ्ठ्या दाबेल तर शपथ. डॉक्टरांनी ती पायरीच उडवून टाकली.

"दाजी, असं करू नये," मेहुणा म्हणाला.

"का नाही? दाढ निम्मी हलल्यावर मी परत विचारतो का, 'नक्की काढायची ना' म्हणून? पळून जाईल माणूस!"

शंभरी भरली. डॉक्टर नवं कुलूपच घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी यादी पाहिली आणि भावाला विचारलं, "नावं झाली रे, पण उघडून वाचतंय कोण?"

मेहुण्याने आकडे काढले. "दोघं."

"त्यातली एक मी," बाई म्हणाल्या. दुसरे डॉक्टर स्वतः; त्यांनी नवं कुलूप हळूच खिशात सरकवलं.

"शीर्षक चुकतंय दाजी," मेहुण्याने बाजू सावरली. "'क्षणभंगुरतेचे चिंतन'! कोण उघडणार? शीर्षक वाचून माणसाच्या पोटात गोळा आला पाहिजे."

डॉक्टर मनाने भाबडे. त्यांनी पुढच्या निबंधाला शीर्षक दिलं, 'तुमच्या दाढेबद्दल एक गंभीर गोष्ट'. आत चांगली दहा पानं होती. दाढ आज आहे, उद्या नाही. माणसाचंही तसंच, वगैरे वगैरे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याबाहेर ही गर्दी! फोन तर खाली ठेवायची सोय नव्हती. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई निबंध छापून घेऊन आल्या होत्या. "'सारे काही आतून पोखरलेले आहे' असं लिहिलंय तुम्ही. डावीकडची की उजवीकडची, तेवढं सांगा."

शिंपी चिडला होता. "माझी दाढ तुम्हीच काढलीत ना? मग नसलेल्या दाढेचं गंभीर काय?"

"अहो, ते रूपक आहे!" डॉक्टर काकुळतीला आले.

"रूपक!" बसचा ड्रायव्हर मटकन बाकावर बसला. "ऑपरेशन लागेल का हो डॉक्टर?"

डॉक्टरांनी आत जाऊन कडी लावून घेतली. निस्तरायचं कुणी, तर नेहमीप्रमाणे बाईंनी. त्यांनी काउंटरवर बसल्या बसल्या सगळ्या यादीला ईमेल धाडली:

'तुमची दाढ ठीक आहे. डॉक्टरांनी आयुष्यावर निबंध लिहिला आहे. त्याचा सारांश असा, की सगळं संपणार आहे, पण एवढ्यात नाही. निबंध वाचू नका, मी वाचला आहे. दात घासून झोपा. – काउंटरवरून'

ही ईमेल झाडून सगळ्यांनी उघडली. निवृत्त बाईंनी उलट टपाली कळवलं, 'आभारी आहे. आधीच्या निबंधांचंही असंच कळवावं, म्हणजे ते टाकून देता येतील.' ड्रायव्हरने डॉक्टरीणबाईंची ईमेल डेपोभर फिरवली. डेपोतल्यांनी सासुरवाडीला धाडली. मग दर निबंधामागून काउंटरवरून अशी एक ईमेल जाऊ लागली. ज्यांनी या दवाखान्याची पायरीही पाहिली नव्हती असे लोक आपणहून पत्ते देऊ लागले. तेही तोंड मोकळं असताना.

डॉक्टर आकडे बघून हरखून गेले. "बघ, शंभराच्या कितीतरी पुढे! शेवटी कसदार लिखाणाला मरण नसतं."

मेहुण्याने घसा साफ केला. "दाजी, राग मानू नका. तुमची ईमेल आली की लोक हात लावत नाहीत. ते ताईच्या ईमेलची वाट बघतात."

डॉक्टरांना खरोखर वाईट वाटलं. ते पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले. वरच्या दिव्याकडे बघत म्हणाले, "मग बंदच करतो लिहिणं. कुणासाठी लिहायचं?"

डॉक्टरीणबाई काउंटर सोडून धावत आत आल्या. "बंद? काहीतरीच काय! उद्यापासून संध्याकाळचा दवाखाना बंद. तुम्ही निवांत लिहा. आठवड्याला दोन निबंध झालेच पाहिजेत, आणि चांगले लांबलचक होऊ द्यात."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. "म्हणजे... तुला आवडतात?"

"अहो, तुम्ही लिहिलंच नाहीत," बाई कळवळून म्हणाल्या, "तर मी लोकांना काय वाचू नका म्हणून सांगू?"