बूट होताना हात लावू नये

यंत्रांच्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी लग्नाआधीच बायकोला सांगून ठेवलं होतं. तिने तेव्हा विश्वास ठेवला. माणूस तरुणपणी भोळा असतो.

ती विजेच्या मीटरांचं रीडिंग घेते. त्यासाठी ऑफिसने तिला हातात मावणारा कॉम्प्युटर दिलाय. दिसायला विटेसारखा, स्वभावाने त्याहून जड. परवा सकाळी तो सुरू होता होता पहिल्या चित्रावरच अडकला. ठिपके नुसते गरगरत राहिले.

"कालचं सगळं रीडिंग आतच आहे," बायको म्हणाली. "अजून ऑफिसला पाठवलेलं नाही. गेलं तर अख्खी वस्ती पुन्हा पालथी घालावी लागेल."

"दे इकडे. दोन मिनिटांचं काम."

मी तिला समजावलं, की आधी आतला एक छोटा प्रोग्राम जागा होतो, मेमरी तपासतो, मग मोठ्या सिस्टीमला हाक मारतो. मोठी सिस्टीम उठायला तयार नव्हती, म्हणून मी तो बंद करून पुन्हा लावला. मग पुन्हा. आणि पुन्हा.

"काय झालं रे?" आतून आई.

"बूट होत नाहीये!"

"मग चप्पल घालून जा म्हणावं. उशीर होतोय तिला."

शेवटी मी दोन बटणं एकदम दाबली. काळ्या पडद्यावर यादी उमटली आणि निळी पट्टी नेमकी 'सर्व माहिती पुसा'वर जाऊन बसली. आता बटणावरून बोट उचलायचीही भीती वाटायला लागली. बायकोने मुकाट्याने ऑफिसच्या इंजिनिअरला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"रात्री नवी सिस्टीम आलीय त्यात," तो शांतपणे म्हणाला. "पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो. मध्येच बंद केलं, की पहिल्यापासून सुरुवात. कोणी हात लावलाय का?"

"नवऱ्याने."

"वरचा पर्याय निवडा, 'पुन्हा सुरू करा'. बटण तुम्ही दाबा. यंत्र टेबलावर ठेवा. आणि त्यांना दुसऱ्या खोलीत."

मी स्वयंपाकघरात बसलो. आई दारात खुर्ची टाकून माझ्यावर पहारा देत होती. चहा होईतो बाहेरून टिंग असा आवाज आला. रीडिंग जसंच्या तसं होतं.

काल ऑफिसने सगळ्या यंत्रांवर पट्टी चिकटवली: 'सुरू होताना हात लावू नये.' बायकोच्या यंत्रावर खाली पेनाने आणखी एक ओळ आहे: 'घरच्यांनी तर नाहीच.'

अक्षर इंजिनिअरचं आहे, असं ती म्हणते. मला ते आईचं वाटतंय.