प्रवाही पद्धतीची बाग

डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं होतं, की पोट सुटलंय, रोज थोडं वाकत जा.

घरी येऊन हे मी बायकोला सांगितलं, ही पहिली चूक. (शेवटची नव्हे. बाकीच्या पुढे आहेत.) तिनं शांतपणे झाडू माझ्या दिशेनं सरकवला. तेव्हा निव्वळ स्वसंरक्षणासाठी मी जाहीर केलं, "मी परसात भाजी लावणार आहे. त्यात सारखं वाकावं लागतं."

"लावा," ती म्हणाली. "पण मधेच सोडायची नाही."

मी वाफा खणला. चांगली माती आणि खत आणून ओतलं. पालक, मुळा, काकडी आणि भोपळा पेरला, प्रत्येकापुढे काडीला नावाची पाटी लावली. इथंच थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांसमोर बोलून बसलो, "साहेब, भाजी तयार झाली की जेवायला या."

आमचे साहेब कुणाकडे जेवायला जात नाहीत, आणि हसत तर मुळीच नाहीत. त्या दिवशी मात्र चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "येईन."

पाऊस दरवर्षी येतो, पडतो, उघडतो. या वर्षी तो सामानसुमान घेऊन राहायलाच आला. वाफ्याचं तळं झालं. मी वर प्लॅस्टिकचा कागद ताणला. त्याच्या पोटात पाणी साचत गेलं (हे पोट माझ्यापेक्षाही वेगानं सुटलं), आणि मी खालून काठीनं ढोसायला गेलो तेव्हा ते सगळं माझ्या डोक्यावर रिकामं झालं.

मग म्हटलं, पाण्याला वाट करून द्यावी. वाफ्यापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत चर खणला. भिंतीच्या तळाशी भोक होतंच. पलीकडे शेजारच्या बाईंचं अंगण, आमच्यापेक्षा चांगलं हातभर खाली. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते. मी रीतसर परवानगी मागायला गेलो.

"पाणी उताराकडे जातं," बाई म्हणाल्या. "त्याला माझी परवानगी कशाला हवी?"

सकाळी पाहिलं तर पाणी गेलं होतं. वाफाही गेला होता. माती, खत, बी, सगळं. उरल्या होत्या त्या पाट्या. धुऊन निघालेल्या जमिनीवर 'पालक' ही पाटी तेवढी ताठ उभी होती.

पुन्हा माती आणली, पुन्हा पेरलं. पुन्हा गेलं. परत पेरलं, परत गेलं. (आधी चर बुजवावा हे सुचायला जी बुद्धी लागते, ती मी ऑफिसात विसरून येतो असं बायको म्हणते. ऑफिसवाल्यांना वाटतं ती घरी असते.)

ऑफिसात मात्र माझी भाजी जोरात वाढत होती. साहेब विचारायचे, "काय म्हणतोय भोपळा?" आणि मी दोन्ही हातांनी आकार दाखवायचो. हात रोज थोडे लांब जायचे. एकदा डावा हात टायपिस्टच्या कानाला लागला तेव्हा साहेब म्हणाले, "तयार दिसतोय. या रविवारी येतो."

मी घरी येऊन डोक्याला हात लावून बसलो. बायको गच्चीत तुंबलेलं पाणी काढून खाली आली. "अहो, बाईंचं अंगण पाहिलंत का? वरून बघण्यासारखं दिसतंय."

स्टुलावर चढून भिंतीवरून डोकावलो. पलीकडे माझी भाजी होती. पालक गुडघ्याला लागेल एवढा, मुळ्याचा पाला माजलेला, भिंतीवर काकड्या लोंबताहेत आणि पायरीला टेकून भोपळा बसलाय. तसाच बाईंकडे धावलो.

"बाई, रविवारी तासाभरापुरतं हे अंगण माझं आहे असं म्हणाल का?"

"मी खोटं बोलणार नाही."

"मग नुसतं गप्प बसाल?"

"कुणी विचारेपर्यंत बसेन. विचारलं तर खरं सांगेन."

रविवारी साहेबांना मी गल्लीतच गाठलं आणि परस्पर बाईंच्या फाटकातून आत नेलं. बाई व्हरांड्यात पुस्तक वाचत होत्या. साहेब छत्री धरून जागच्या जागी उभे राहिले.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"म्हणजे, झालं माझ्याकडून."

"हे काय आहे?"

"पालक, साहेब."

साहेबांनी उपटून पाहिलं. मुळा निघाला.

"खाली मुळाही लावलाय," मी म्हणालो.

"पण असं वेडंवाकडं का पेरलंय?"

"नवी पद्धत आहे."

"कोणती?"

"प्रवाही."

पुस्तकामागे बाईंना खोकला आला. साहेब वळले. "नमस्कार. आपण यांच्या आई?"

"नाही. शेजारी."

"यांच्याकडे आलात वाटतं."

"हे माझ्याकडे आलेत. घर माझं आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भोपळ्याकडे पाहिलं.

"मग ही बाग कुणाची?"

बाईंनी पुस्तक मिटलं. "माती यांची, खत यांचं, बी यांचं. पुन्हा पुन्हा पेरलं बिचाऱ्यांनी. कष्टात लबाडी नाही. फक्त पत्ता चुकला."

साहेब भिंतीशी गेले, वाकले आणि भोकातून पलीकडे बघू लागले. पलीकडे माझ्या रिकाम्या परसात 'पालक' पावसात भिजत होता. साहेबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं नोकरी गेली. पण ते हसत होते. छत्री उलटी पडून तिच्यात पाणी भरलं तरी हसत होते.

जेवण बाईंच्या व्हरांड्यातच झालं. बायको भिंतीवरून पातेली देऊन स्वतःही आली, बाईंनी भोपळा चिरला, साहेबांनी बाह्या सारून काकड्या सोलल्या. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता, की प्रत्येक विनोद दोनदा सांगावा लागत होता आणि दोन्ही वेळा हशा होत होता. इतकं चवीनं मी कधी जेवलो नव्हतो.

निघताना साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले, "माझ्या बंगल्यामागे चढावर एक घर रिकामं होतंय. तिथं राहायला याल का?"

नोकरी लागल्यापासून मी कुणाला हवाय असं प्रथमच घडत होतं. छाती भरून आली. मी बायकोकडे वळलो.

"स्वयंपाकघर केवढं आहे?" तिनं साहेबांना विचारलं.

बाईंनी फाटक लावून घेतलं. "यांना कुठंही न्यायचं नाही. मला अजून गाजरं हवी आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही, या खेपेला बी थेट चराच्या तोंडाशी टाका. येताना वाटेत फार वाया जातं."