शहजादी का मेली?

रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरलेला मल्हार घरी पोचला, तेव्हा शहजादी परसात शेवग्याखाली आडवी पडली होती. तिच्या उशाशी त्याची आई बयाबाई आणि बायको सुषमा डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, भावकीतलं कुणी गेल्यासारख्या.

शहजादी म्हणजे कोंबडी. आणि ती यांची नव्हती, हीच खरी अडचण. ती भिंतीपलीकडच्या नजमुन्निसाचाचीची. चाचीनं ती वाट्यानं दिली होती: सांभाळायची यांनी, पिल्लं निघाली की निम्मी इकडं, निम्मी तिकडं. ओळख म्हणून पायाला हिरवी चिंधी. चाची काल सकाळी लेकीकडं दौंडला गेली होती आणि आज संध्याकाळी परत येणार होती.

आणि नेमके कालच मल्हारकडं पाहुणे आले होते. शिरूरहून आणलेल्या ब्रॉयलरचा रस्सा झाला होता. त्याचा वास अख्ख्या आळीनं घेतला होता.

"पुरली तर म्हंतील, खाल्ली," बयाबाई म्हणाली. "ठिवली तर म्हंतील, रोग आणला. चाचीचं न् माझं चाळीस वर्सात एका शबुदानं वाकडं न्हाई. आता तूच बघ. कंपनीत यवढा हुशार म्हनत्यात तुला."

मल्हार रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. तिथं एखादा पार्ट बिघडला की त्याला पाच वेळा 'का?' विचारायचं, पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं, अशी रीत होती. मल्हारचा खंडोबाच्या खालोखाल या रीतीवर विश्वास होता.

का?

अंगावर दातांच्या खुणा नव्हत्या, म्हणजे मांजर-मुंगूस नाही. मान सरळ होती, म्हणजे मानमोडी नाही. पिसं चकचकीत होती. बयाबाईचं म्हणणं पडलं की नजर लागली. महिन्याभरात पोर अंगानं अशी भरली होती की येणारा-जाणारा थांबून बघायचा. मल्हार म्हणाला, आमच्या फॉर्मात नजरेला रकाना नाही.

मग शहजादी पोत्यात आणि पोतं मोटरसायकलवर. फाट्यावर हौसरावआप्पांनी हात केला. या आप्पांना कळलं की गावाला कळवावं लागत नाही.

"पोत्यात काय रं?"

"कंपनीचा माल हाय आप्पा."

"मग कोंबडीचा पाय कसा आलाय भाईर?"

मल्हारनं गाडी पळवली. आता आप्पांजवळ कालचा वासही होता आणि आजचा पायही. दोन्हींची बेरीज करायला त्यांना फार शाळा लागणार नव्हती.

का? (शिरूर, जनावरांचा दवाखाना)

डॉक्टरांनी कोंबडी उघडली आणि नुसतंच "अरे वा" म्हणाले. काळीज लोण्यासारखं पिवळं, फाटलेलं. पोटात रक्त, आणि बाकी सगळी चरबी.

"रोग न्हाई ना साहेब?"

"रोग कसला. खाऊन खाऊन मेली. लग्नात व्याह्याला एवढा आग्रह करत नाहीत. काय घालता हिला?"

"दोन मुठी ज्वारी. आई घालती."

"ही दोन मुठींची कोंबडी नाही," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

 मल्हारनं तिसरा 'का' विचारायच्या आतच त्याचं उत्तर आलं होतं. रोज कामावरून येताना तो कँटीनमधला उरलेला भात पिशवीतून आणायचा आणि परसात गुपचूप शहजादीपुढं ओतायचा. मूळ कारण दवाखान्याच्या ओट्यावर, कंपनीचा शर्ट घालून उभं होतं.

पण चाचीचा विश्वास बसायला हवा. आणि कंपनीचा दुसरा नियम असा की गिऱ्हाइकानं बघितल्याशिवाय खराब पार्ट भंगारात टाकायचा नाही. मल्हारनं कोंबडी पुरायला दिली, पण ते पिवळं काळीज आणि हिरव्या चिंधीचा पाय मागून घेतला. बर्फ घातला. ठेवायला त्याच्याजवळ एकच वस्तू होती: त्याचा जेवणाचा डबा.

(इथं 'का' नाही. इथं चाची आहे.)

परत येताना त्याच, निमोण्याच्या फाट्यावर चाची उभी होती. दौंडहून दुपारीच निघाली होती. आप्पा तिच्याशेजारी उभे होते आणि त्यांचं तोंड नुकतंच मिटलं होतं.

चाची मागं बसली. डब्याची पिशवी तिनं मांडीवर घेतली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "गार लागतंय रे. काय हाय डब्यात?"

"चाची, उघडू नका."

झाकण निघाल्याचा आवाज आला.  आरशात बघायची मल्हारची छाती झाली नाही. पाय तिचा, चिंधी तिची, काळीज तिचं, आणि डबा मल्हारचा. अशी केस खुद्द त्याच्याकडं आली असती तर त्यानं एका 'का'त मिटवली असती.

"गाडी थांबीव."

त्यानं थांबवली. आता चाळीस वर्षं रस्त्याच्या कडेला सांडणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. चाची डब्यातल्या काळजाकडं बघत होती.

"पिवळं झालंय," ती हळूच म्हणाली. "चरबीनं गेली व्हय?"

"व्हय."

चाचीनं झाकण लावलं. इकडं-तिकडं बघितलं.

"मल्हार, बयाला सांगू नगंस. मीच मारली तिला. रोज दुपारी भिंतीवरनं मका टाकायची. म्हनलं, तुमच्या घरचं खायला घालनं... म्हंजी तुम्ही घालताच, पर माझ्या जिवाला ऱ्हावंना. काल जातानाबी पसाभर टाकून गेले."

मल्हारनं भाताचं सांगितलं. दोघं तिथंच कडेला बसली, आणि चाचीला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी.

का? का?

घरी आल्यावर सगळंच निघालं. बयाबाई दोन मुठी नाही, सूप भरून घालत होती. लोकाची कोंबडी वाळली तर चाची काय म्हणेल? सुषमा कणकेचे गोळे घालत होती. सासूबाई दोनच मुठी घालतात, बिचारी उपाशी राहायची. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरी कमी घालते. प्रत्येकीनं ते लपवलं होतं, कारण उघड केलं तर दुसरीला चिकटपणाचा ठपका.

पाचवा 'का' मल्हारनं विचारला नाही. त्याचं उत्तर चारी तोंडांवर दिसत होतं, आणि बयाबाईनं चहा टाकला होता.

त्यानं फक्त नियम केला: यापुढं सकाळी एकदाच, दोन मुठी, बयाबाईच्या हातानं. बाकी सगळे हात बंद. सगळ्यांनी खंडोबाची आन घेतली, चाचीनं अल्लाचीही. दुसऱ्या दिवशी तिनं नवी तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आणून सोडली. हडकुळी, मान उंच, पायाला हिरवी चिंधी.

आठवड्यानं मल्हार कामावरून आला. परसात कुणी नव्हतं. तलंग शेवग्याखाली उभी राहून त्याच्याकडं बघत होती, आणि ती जरा जास्तच हडकुळी आहे असं त्याला वाटलं. त्यानं पिशवीत हात घातला. भाताची मूठ भिंतीजवळ नेली.

त्याच वेळी भिंतीवरून बांगड्या वाजल्या आणि मका घेतलेली दुसरी मूठ वर आली.

"मी नुसतं बघायला आलतो, चाची."

"मीबी."

दोन्ही मुठी तशाच हवेत राहिल्या. तलंग एकदा इकडं बघायची, एकदा तिकडं. मग तिनं दोघांकडं पाठ केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं पळाली. तिथून सुषमाचा आवाज येत होता, अगदी बारीक, "ये ये ये."