जठर गेलं रामरावांच्या घरी

माणिकबाई आठवीच्या विज्ञानात एकदा गचकल्या होत्या. पुन्हा गचकल्या तर पुस्तकं रद्दीत जाणार, असा हुकूम वामनरावांनी काढला होता. वलगावच्या स्टँडजवळ नवरा-बायकोचं भाजीचं दुकान. मुक्त विद्यालयातून आठवी व्हायचं, असं माणिकबाईंनी पंचेचाळिसाव्या वर्षी मनावर घेतलं, आणि वामनरावांना त्यात भाजी सुकण्यापलीकडे काही दिसेना.

"सकाळी पाठ करतो, दुपारी सारं साफ!" माणिकबाई लेकीपुढे रडकुंडीला आल्या. "डोस्क्यात जागाच नाई वं रागिणी."

"आई, कोनतं गिऱ्हाईक काय नेते हे तुले बरोबर ध्यानात रायते. मंग अभ्यास दुकानातच मांड ना!"

माणिकबाईंनी सल्ला जसाच्या तसा उचलला. दुसऱ्या दिवशी फळीवर पचनसंस्था लागली. टमाटे म्हणजे तोंड, दोडके ग्रासनली, भरताची वांगी जठर, चवळीच्या शेंगा लहान आतडं आणि शेवटी पडवळ, मोठं आतडं. माल लावताना एकदा घोकायचं, उचलताना एकदा.

आठवड्यात सगळं तोंडपाठ झालं, पण जिभेलाही तीच सवय लागली. "जठर घ्या बाई, एकदम ताजं हाये," असं त्या एका नव्या सुनेला म्हणाल्या. ती पोर पिशवी सावरत समोरच्या दुकानात शिरली.

"लोकं भाजी घ्याले येऊन राहिले का पोस्टमार्टेमले?" वामनराव भडकले.

परीक्षेच्या दिवशी माणिकबाई फळीसमोर शेवटची उजळणी करत होत्या, तोच पोस्टातून निवृत्त झालेले रामराव आले. घरी पाहुणे होते, भरीत करायचं होतं.

"असतील तेवढी वांगी द्या. अन् नेहमीसारखे चार लिंबू."

"वांग्याले हात नका लावू! आज माहा पेपर हाये."

"पेपर तुमचा हाये न? वांग्याचा काहून?" रामराव चक्रावले.

वामनरावांनी बायकोकडे पाहिलंही नाही. सगळी वांगी पिशवीत ओतून ते मोकळे झाले.

अमरावतीच्या केंद्रावर नेमका तोच प्रश्न आला: पचनसंस्थेचे अवयव क्रमाने लिहून त्यांचे कार्य सांगा. माणिकबाईंनी डोळे मिटले. टमाटे, दोडके... आणि पुढे फळी रिकामी! आता पुस्तकं रद्दीत जाणार, या विचाराने डोळ्यांत पाणी आलं. मनातल्या मनात त्यांनी रामरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आणि रामराव आठवल्याबरोबर पिशवी आठवली, पिशवीत वांगी! माणिकबाई मनाने थेट त्यांच्या स्वयंपाकघरात पोचल्या. तिथे वांगी ठेचून ठेचून घोटली जात होती आणि वरून चार लिंबं पिळली जात होती. त्यांनी झरझर लिहिलं, 'जठरात अन्न घुसळले जाते व त्यात आम्ल मिसळते.' पुस्तकात वाचून जे कधी डोक्यात शिरलं नव्हतं, ते भरताने शिरलं.

विज्ञानात अठ्ठ्याहत्तर गुण पडले. माणिकबाईंनी गुणपत्रिका दुकानात तराजूच्या वर टांगली आणि रामरावांना किलोभर वांगी फुकट दिली. वामनराव दिवसभर तिकडे न बघता भाजीवर पाणी मारत राहिले. संध्याकाळी मात्र गुणपत्रिका नीट वाचायला म्हणून ते चष्मा शोधू लागले.

"अवं, माहा चष्मा कुठी हाये?"

"तिथं आतड्यावर ठेवला हाये," माणिकबाई सवयीने म्हणाल्या.

वामनराव फळीकडे वळले, थबकले आणि अगदी गंभीरपणे विचारते झाले, "लहान का मोठं?"

माणिकबाईंनी तराजू खाली ठेवला. "रागिणी," त्या आत वळून ओरडल्या, "पुढच्या साली तुह्या बाबाचाबी फारम भर!"