आधी हातानं, मग पान्यानं

अण्णा आमच्या घरी आले की चहाच्या आधी माझ्या सायकलचे नट तपासत. नट सैल निघाला तर ते काही बोलत नसत. जास्त आवळलेला निघाला तर मात्र बिनसे. "मास्तर, सायकल हाय का वैरी? एवढं कशापायी पिळलं?"

पौडला आमच्या शाळेमागे अण्णांचा गोठा होता आणि गोठ्यात विमान होतं. विमानांच्या कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म काढून ते गावी परतले, म्हशी विकल्या आणि भंगारातल्या एका इंजिनाभोवती स्वतःचं विमान बांधायला बसले. पंख लावल्यावर ते दारातून निघणार कसं, एवढीच गावाला काळजी. अण्णा शांतपणे सांगत, "भिंत पाडू की. तिला काय हुतंय?"

पेट्रोलच्या नळ्यांचे जोड हा त्यांचा धर्म. नळीचं तोंड कर्ण्यासारखं फुलवायचं, पुसून जोडावर बसवायचं, नट हातानं फिरवायचा. मग एका पान्यानं जोड धरायचा आणि दुसऱ्यानं नट बेतानं आवळायचा. "आदी हातानं, मग पान्यानं. आन मग थांबायचं. ते थांबणंच लई अवघड." गळलं तर आणखी पिळायचं नाही, सोडून बघायचं.

धरायचा पाना त्यांच्या बायकोकडे, पारूवहिनींकडे असे. जोड आवळून झाला की वहिनी नटावरून नळीवर तेलात कालवलेल्या कुंकवाची रेघ ओढत. नट हलला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. विमानात बसणार का, असं मी विचारलं की म्हणत, "मी कशाला? ह्यांना सुखरूप उतरू द्या, म्हंजी झालं."

वहिनी तापानं गेल्या. पाना माझ्या हातात आला.

पहिल्यांदा पेट्रोल भरलं त्या दिवशी एक जोड ठिबकू लागला. मी म्हणालो, "अर्धा पिळा देऊ?" अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मास्तर असून मला अंगठे धरावेसे वाटले. पण जोड सोडायलाही ते धजेनात. त्यावर वहिनींची रेघ होती. त्यांनी पेट्रोल काढून घेतलं आणि तीन दिवस नुसते जोडासमोर बसून राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, "धरा, मास्तर."

नट सुटता सुटेना. सुटला तेव्हा नळीचं तोंड चेपून चिरलेलं दिसलं.

"हे माज्या हातचं न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांनी दुसरा जोड सोडला, मग तिसरा. सगळ्यांची तीच गत.

मला तेव्हा आठवलं. दुपारी अण्णांना वाढून झालं की वहिनी गोठ्यात शिरत, हे शाळेच्या खिडकीतून मला दिसे. झाडलोट करत असतील असं वाटायचं. एकदा त्यांच्या हातात पाना होता. मी हे अण्णांना सांगितलं.

अण्णांनी ती नळी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मांडीवर ठेवली.

"मी पडंन म्हून आवळलं हो तिनं," ते म्हणाले. "नवी रेघ बी वडली. एवढं भ्या हुतं तिला, आन मी रोज तिच्या हाती पाना देत ऱ्हायलो. एकदाबी इचारलं न्हाई."