उशी घेऊन या

साळुंखेबाई पेशंटला हात लावण्याआधी त्याची उशी मागत.

पेशंट पहिल्यांदा आला, की त्याने आणलेली डॉक्टरांची चिठ्ठी बाई वाचत, घडी घालून परत त्याच्या हातात देत आणि म्हणत, "उद्या उशी घेऊन या." त्यामुळे नव्वदच्या दशकात वाशीच्या आमच्या सेक्टरात सकाळी एक दृश्य नेहमी दिसे. चांगली शिकलेली, नोकरीतली माणसं काखेत उशी मारून, शेजाऱ्यांची नजर चुकवत चालली आहेत. कुणी ती साडीच्या दुकानाच्या पिशवीत लपवी. पण उशी कशातही घातली तरी उशीच दिसते.

बाई फिजिओथेरपिस्ट होत्या. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर, पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना आणि मागच्या खोलीत त्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, पन्नाशीच्या, एकट्या. आवाज कवायत घेणाऱ्या मास्तरांचा. त्या काळी फिजिओथेरपी म्हणजे शेकाचा दिवा, असा लोकांचा समज होता. चिठ्ठीवर 'शेक द्यावा' असं लिहिलेलं असे आणि बाईंनी तो मुकाट्याने द्यावा, अशी अपेक्षा असे.

"कुठून दुखतंय ते कळल्याशिवाय शेकायला, मी काय भाकरी करतेय?" बाई विचारत.

"बोंब बेलापुरात, चोर वाशीत," हे त्यांचं ब्रीद. खांदा दुखतो म्हणणाऱ्याची त्या मान तपासत, गुडघा दुखतो म्हणणाऱ्याची कंबर. पेशंटला वाटे, बाईंनी चुकून दुसऱ्याचीच चिठ्ठी वाचली.

उशीची उंची, कडकपणा तपासून तिच्यात चोर सापडला नाही, तर बाई घरी येत. घाऊक बाजारातला हणमंता हा माथाडी मान धरून आला, तेव्हा त्याच्यासकट सगळ्यांनी दोष बटाट्याच्या गोणीला दिला होता. बाई बाजारात जाऊन त्याला गोणी उचलताना बघून आल्या. "तुझं ओझं उत्तम आहे," असं प्रशस्तिपत्र देऊन त्या त्याच्या खोलीवर गेल्या. खोलीत टीव्ही भिंतीवर, छताला लागून बसवलेला आणि संध्याकाळभर सगळं घर आकाशातलं विमान बघावं तसं त्याच्याकडे बघत बसलेलं.

"टीव्ही खाली घे."

"खाली घेतला तर पोरं फोडत्याल की, बाई."

"मग पोरं वर ठेव."

बाई चुकतही. दिवाळे गावच्या एका मासेवालीचा खांदा धरला होता. बाईंनी डोक्यावरच्या पाटीला दोषी ठरवलं. मासेवाली भडकली. "पाटी मी पोरपनापासून व्हाते. तवा नाय दुखला तो आताच कसा दुखल? आनि उशी आनली ती बगतेस कवा?" पुढे तो खांदा आपोआपच बरा झाला. श्रेय उशीला मिळालं. बाईंनी ते नाकारल्याचं मला आठवत नाही.

माझी पत्नी शैला हिची पाठ दुखायला लागली, तेव्हा आम्हीही चिठ्ठी घेऊन खाली गेलो आणि दुसऱ्या दिवशी उशी घेऊन गेलो. उशी निर्दोष सुटली. मग बाई आमच्या घरी आल्या. त्यांनी ओट्याची उंची पाहिली, गादी दाबून पाहिली आणि शेवटी बाहेरच्या खोलीत थबकल्या. मी कॉलेजात ग्रंथपाल. घरातही जमिनीवर पुस्तकांचे ढीग होते.

"वहिनी, केर काढताना हे ढीग कोण हलवतं?"

"मीच. ह्यांना हलवायला सांगितलं तर हे वाचत बसतात."

"सर," बाई माझ्याकडे वळल्या, "चोर तुम्ही आहात."

पुस्तकं माळ्यावर गेली. शैलाला व्यायाम सुरू झाले. त्या दोघींची चांगली गट्टी जमली. बाईंना तोंडावर चिडवणारं सेक्टरात बहुधा दुसरं कुणी नव्हतं. "साळुंखेबाई, तुम्ही लग्न का नाही केलंत? मुलाकडच्यांना उशी मागितलीत की काय?" शैला विचारी आणि व्यायाम बाजूला राहून दोघी हसत बसत.

महिना झाला, पाठ मात्र दुखतच राहिली.

"उगाच बिचाऱ्या पुस्तकांची बदनामी केलीत," शैला म्हणाली. बाई त्या दिवशी हसल्या नाहीत. त्यांनी तिला वाकायला लावलं, वळायला लावलं, या कुशीवर, त्या कुशीवर निजवलं आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला, "आता कमी की जास्त?" शैलाचं उत्तर दर वेळी एकच, "तेवढंच."

बाई स्टुलावर बसल्या. कवायतीच्या मास्तरांचा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"वहिनी, सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं असलं ना, की त्याला सवयी असतात. बसलं की वाढतं, चाललं की कमी होतं. कुठल्या तरी एका कुशीवर तरी ते माणसाला झोपू देतं. हे देत नाहीये. आणि तुमचे ब्लाउज सैल झालेत. हे माझ्या प्रांतातलं नाही. पोटाची तपासणी करून घ्या. उद्याच."

बाईंनी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. शेकण्यासाठी पाठवलेला पेशंट चिठ्ठीसह परत आलेला पाहून डॉक्टरांना नवल वाटलं असावं, पण त्यांनी ती दोनदा वाचली आणि लगेच तपासण्या लिहून दिल्या. चोर पोटात होता, स्वादुपिंडात, आणि बराच जुना होता. आधी कळलं असतं तरी फारसा फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. बाईंनाही ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल." आणि विषय बदलला. पुस्तकांपायी गेलेला तो महिना त्यांनी स्वतःला कधी माफ केला, असं मला वाटत नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी दवाखाना बंद केला की त्या वर येऊ लागल्या. उपचार असा काही राहिलाच नव्हता. त्या शैलाला कुशीवर वळवत आणि नेमकी जिथे दुखे, तिथेच पाठ चोळत.

"बाई, चोर सापडला ना? मग बेलापुरात काय करताय?" शैलाने एकदा विचारलं.

"गप पडून राहा, वहिनी. बोलू नका."

शैला गेली, त्यानंतर काही दिवस नातेवाईक होते. मग तेही गेले. एका संध्याकाळी बेल वाजली. बाई दारात उभ्या. आत येऊन खुर्चीत बसल्या. मी चहा केला. तो त्यांनी सावकाश संपवला.

"सर, वहिनी एरवी चालायच्या कशा हो?"

मला प्रश्न नीट कळला नाही.

"मी त्यांना दुखतानाच पाहिलं. भिंत धरून. त्याआधी इतकी वर्षं एकाच गेटातून ये-जा करत होतो, पण माझं लक्ष कुठे असायचं? बरी माणसं मी बघतच नाही."

"भरभर चालायची," मी म्हणालो.

"भरभर सगळेच चालतात. दाखवा."

ग्रंथपालाने आयुष्यात शब्दांवर निभावून नेलेलं असतं. पण बाईंपुढे शब्द चालत नसत. मी उठलो. शैला भाजी घेऊन गेटातून येताना मला गॅलरीतून दिसे, ते आठवून दारापासून खिडकीपर्यंत चालत गेलो.

"पिशवी कुठल्या हातात?"

"डाव्या."

"मग उजवा खांदा जरा वर असणार."

मी खांदा वर केला. "आणि ती मध्येच थांबायची," मी म्हणालो. "कुणी ना कुणी बोलायला भेटायचंच."

"मग थांबा की."

मी कपाटापाशी थांबलो. बाईंनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, हसताहेत. हसण्यासारखंच होतं ते. खोलीत अंधारून आलं होतं, पण दिवा लावायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

"पुन्हा एकदा, सर," बाई म्हणाल्या. "दारापासून."

मी दारापाशी गेलो.