भंगारातला साक्षीदार

"सुटलो एकदाचे!" राडोवान हात झटकत जेवायला बसला. सासूबाईंचा जुना संगणक त्याने नुकताच फाटकाबाहेर, गंजलेल्या टबाशेजारी नेऊन ठेवला होता. गावचे हौशी अग्निशामक आज ट्रॅक्टर घेऊन घरोघरचं भंगार गोळा करत होते. ते यंत्र फेका म्हणून तो तीन वर्षं क्वेताबाईंच्या कानीकपाळी ओरडत होता. आज त्यांच्या वाढदिवसाला नवा कोरा लॅपटॉप पुढ्यात ठेवला, तेव्हा कुठे बाई नमल्या.

"नमले कसली!" क्वेताबाई त्याच्या ताटात क्नेडलिकच्या, म्हणजे उकडलेल्या पावाच्या, फोडी वाढत म्हणाल्या. "परवा तुम्हीच फोनवर सांगितलंत, अपडेट दाबा. दाबलं. तेव्हापासून तुमच्या सासऱ्यांचे फोटो उघडेनात. मेलेलं यंत्र ठेवून करू काय?"

"वय झालं होतं हो आई त्याचं."

तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. जगभरचे हौशी लोक मिळून लिनक्स या संगणकप्रणालीची एक आवृत्ती काढत, त्यात राडोवान होता. सासूबाईंच्या संगणकावरही त्याने तीच घातली होती, तीही चाचणीची, म्हणजे नवं काही झालं की अपडेटमधून आधी तिथे पोचे. इतर प्रोग्रामांना आकडेमोड करून देणारी एक लायब्ररी त्याने वर्षभर खपून अशी तयार केली होती, की नव्या प्रोसेसरवर ती वाऱ्यासारखी पळे. आज चार वाजता नव्या आवृत्तीची दारं बंद व्हायची होती. जे आत गेलं ते गेलं, जे राहिलं ते दोन वर्षं बाहेर.

निरोप फिनलंडच्या मार्यातचा होता. आत काय घ्यायचं ते तीच ठरवी. "तुझी लायब्ररी जुन्या संगणकांवर कोसळते. आमच्याकडे तसलं यंत्रच नाही. चारच्या आत दुरुस्त कर आणि जुन्यावर चालवून दाखव. नाहीतर लायब्ररीचं तुझं पॅकेज बाहेर."

राडोवानने निरोप पुन्हा वाचला. 'या यंत्राच्या ताकदीला साजेसं बांध' अशी सूचना त्याने घरच्या धट्ट्याकट्ट्या संगणकासाठी घातली होती आणि काढायचीच विसरला होता! नव्या प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञा जुन्याला कुठून कळणार? तो बिचारा जागच्या जागी आडवा होणार. परवाचं अपडेट, न उघडणारे फोटो... अरे देवा!

बाहेर ट्रॅक्टर धडधडत निघून गेला.

"राडो, घरातल्या चपला घालून कुठे निघालास?" बायको यित्का ओरडली.

"सॉस निवतोय, जावईबापू!"

जावईबापू गल्लीच्या टोकाला पोचले होते. "थांबा! थांबा हो!"

अग्निशामकांचे म्होरके कुबात यांनी ट्रॅक्टर थांबवला. "कुठे लागली आग?"

"माझा संगणक द्या परत!"

"फाटकाबाहेर टाकलेलं परत मागणारा पहिलाच गडी बघतोय." कुबात मागे वळून ओरडले, "उतरवा रे ते धुण्याचं यंत्र! शहरातले जावई आलेत, त्यांचा जीव खाली अडकलाय!"

धुण्याचं यंत्र उतरलं, मग टब उतरला, मग एका कडेने चेपलेला संगणक निघाला. राडोवानने तो पोटाशी धरून धूम ठोकली.

सासूबाईंच्या नव्या लॅपटॉपवर त्याने लायब्ररी पुन्हा बांधायला घेतली. आता आत दोन्ही प्रकार ठेवायचे, आधी प्रोसेसर कुठला ते बघायचं आणि मगच निवडायचं. जुनं यंत्र सॉसच्या भांड्याशेजारी धापा टाकत सुरू झालं. नवी लायब्ररी त्यात घातली, तर पहिल्या खेपेला फोटो उघडता उघडता ते आडवं झालं. एक ओळ बदलून राडोवानने पुन्हा बांधलं. चार वाजायला आले होते.

आणि पडद्यावर सासरे अवतरले, हातात भलंमोठं अळंबं घेऊन!

राडोवानने त्या पडद्याचा फोटो काढला आणि पॅकेजबरोबर मार्यातला पाठवला. उत्तर आलं, "घेतलं."

"म्हणजे ते मेलं नव्हतं?" क्वेताबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"मग झालं काय होतं त्याला?"

"सांग की आता," यित्का म्हणाली.

"मीच... म्हणजे माझ्याच हातून बिघडलं."

क्वेताबाईंनी त्याच्या पुढ्यातला वाढदिवसाचा केक उचलला आणि आत नेऊन ठेवला.

फोन पुन्हा थरथरला, मार्यातच होती. "यापुढे तुझं प्रत्येक पॅकेज आधी त्याच यंत्रावर चालवायचं. पुढच्या आवृत्तीपर्यंत ते जिवंत राहिलं पाहिजे. जबाबदारी तुझी."

राडोवानने निमूटपणे ब्रश मागून घेतला आणि चेपलेल्या डब्यातल्या पंख्यावरची धूळ झाडायला बसला.

"जपून हो, जावईबापू," स्वयंपाकघरातून आवाज आला. "वय झालंय त्याचं."